साक्षीदाराला वाटा नाही

गंगारामआप्पा फणस खात नसत. आवडत नव्हता म्हणून नव्हे. खानापूरच्या एका म्हाताऱ्याच्या मृत्युपत्रावर त्यांची साक्षीदार म्हणून सही होती, म्हणून. "फणसानं पोट बिघडून मी गेलो, आनि म्हातारा मागनं मेला, तर कोरटात हुबं कोन ऱ्हायचं?" असा त्यांचा रोकडा सवाल. साक्षीदारानं आधी मरायचं नाही, हे त्यांचं ब्रीद.

अशा वीसेक मृत्युपत्रांचं ओझं आप्पांच्या डोक्यावर होतं. त्यामुळे ते विहिरीत वाकून बघत नसत, निपाणीच्या मोटारीत ड्रायव्हरच्या शेजारी बसत नसत, आणि समोरून बैल आला की गल्ली बदलत. शहापुरात बैल पुष्कळ. आप्पांना घरी पोचायला वेळ लागे.

मी तेव्हा बेळगावच्या कॅम्पातल्या शाळेत मास्तर होतो आणि शहापुरात त्यांच्या शेजारच्या खोलीत भाड्यानं राहत होतो. आप्पा धंद्यानं सुतार, विणकरांना मागाचे धोटे करून देत. पण वकिलांत त्यांना भारी मान. शहापूर म्हणजे संस्थानी मुलूख, आणि रस्ता ओलांडला की बेळगावात इंग्रजांचं राज्य. आप्पांची सही दोन्हीकडे चाले. लिहिता-वाचता येणारा, दारूला न शिवणारा आणि जगात नात्याचं एकही माणूस नसलेला असा साक्षीदार वकिलांना शोधून सापडला नसता. बायको लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी पटकीनं गेलेली, मूलबाळ नाही, भाऊबंद नाहीत. ज्याची इतरांना कीव यावी, तीच आप्पांची लायकी ठरली होती.

एकदा कोर्टात कुणीतरी 'ही सही वेगळी दिसते' म्हणालं. तेव्हापासून आप्पा रोज सकाळी पाटीवर अकरा वेळा सही गिरवत. महिन्यातून एकदा ते आपल्या मृत्युपत्रवाल्यांची खबर घ्यायला निघत. "बरं हाय न्हवं?" म्हणून ते दारात उभे राहिले की अंथरुणावरचा माणूस धडपडत उठून बसे. दोघंतिघं तर त्या धसक्यानंच खडखडीत बरे झाले.

निपाणीच्या एका तंबाखूवाल्याच्या मुलांत भांडण लागलं. थोरला म्हणाला, बाप सही करताना शुद्धीवरच नव्हता. आप्पांना पिंजऱ्यात उभं केलं. "शुद्धीवर कशावरनं?" वकिलानं विचारलं.

"त्येनं माझ्या डबीतली तपकीर हुंगली साहेब, आनि म्हनला, ही माझ्या दुकानची न्हाय, शेजारच्याची हाय. आनि व्हती बी शेजारच्याचीच. लाज वाटली मला."

न्यायाधीश हसले आणि मृत्युपत्र टिकलं.

आप्पांना मित्र एकच, समोरच्या घरातले विणकर नारायणअण्णा. संध्याकाळी अण्णा मागावर बसत आणि आप्पा पडवीतल्या बाकड्यावर. दिवेलागण झाली की अण्णा म्हणत, "गंग्या, भाकरी खाऊन जा रं."

"न्हाय. तुज्या मुरत्युपत्रावर मीच सही करनार. उद्या वकील इचारंल, ह्येच्या घरचं जेवतोस न्हवं? साक्षीला वाटा न्हाय."

अशी वीस वर्षं आप्पांनी त्या घरची भाकरी नाकारली आणि समोर जाऊन चुलीवर एकट्यापुरती आमटी टाकली.

मग एका श्रावणात अण्णांनी खरंच मृत्युपत्र केलं. साक्षीला बोलावलं वैद्यबुवांना आणि मला. मजकूर साक्षीदारानं वाचायची गरज नसते. मी वाचला नाही, सही करून मोकळा झालो. बाहेर आलो तर समोर आप्पा धुतलेला कोट घालून, टाक पुसून स्वतःच्या उंबऱ्यावर बसलेले. आपल्याला बोलावणार म्हणून सकाळपासून.

"मास्तर," ते म्हणाले, "तुमची सही म्हंजे कोंबडी चालल्यागत. तीबी चालली व्हय त्येला?"

त्या दिवसापासून त्यांनी माझ्याशी अबोला धरला आणि अण्णांच्या पडवीची पायरी चढायचं सोडलं. मी अण्णांना म्हणालो, निदान कारण तरी सांगा. ते म्हणाले, "सांगितलं तर ऐकायचा न्हाय. रुसू द्या." पण रोज संध्याकाळी ते बाकडं स्वतः झटकून ठेवत आणि एक डोळा दाराकडे ठेवून धोटा फेकत. मला दोघांचाही राग येई.

दिवाळीनंतर अण्णा गेले. अबोला तसाच राहिला. आप्पांनी खांदा दिला.

तेराव्यानंतर वकिलांनी मृत्युपत्र वाचायला सगळ्यांना बोलावलं. आप्पांना दोन वेळा निरोप धाडावा लागला. "मी कोन हितं?" म्हणत ते दारातच टेकले. माग थोरल्याला, खानापूरकडची जमीन धाकट्याला, घर बायकोच्या हयातीपर्यंत तिचं. मग वकिलांनी चष्मा सारखा केला.

"माझे मित्र गंगाराम यांचे पान, ते हयात असेतोवर, दोन्ही वेळ माझ्या घरी वाढावे. पडवीतले बाकडे त्यांचे आहे. त्यांच्या पश्चात त्यांना अग्नी माझ्या धाकट्या मुलाने द्यावा. साक्षीदाराला वाटा नाही, असे ते म्हणतात. म्हणून त्यांना साक्षीस घेतलेले नाही."

आत अण्णांच्या बायकोनं पाट मांडल्याचा आवाज आला.

मजकूर ऐकल्याबद्दल सगळ्यांच्या सह्या घ्यायच्या होत्या. आप्पांनी सवयीनं टाक काढला आणि 'साक्षीदार' लिहिलेल्या जागेवर नेला. "तिथं नाही आप्पा," वकील म्हणाले, "वर. घरच्यांच्या खाली."

आप्पांनी सही केली. पाटीवर हजारो वेळा गिरवलेली ती सही पार वाकडी आली, शेवटचं अक्षर तर कागदावर उतरलंच नाही. मग चार महिन्यांनी पहिल्यांदा माझ्याशी बोलले.

"मास्तर, उद्या कुनी इचारलं तर सांगा. ही सही माझीच हाय."