पाटीवरचा नंबर

“अगं बाई, गवत वाढलं म्हणून कुणी घर विकतं का? उद्या केस वाढले तर डोकं विकशील?”

कर्टिस हुडाक स्वयंपाकघराच्या दारातच थिजला. टायरच्या दुकानातून तो नुकताच आला होता, हात कोपरापर्यंत काळे. आणि त्याची आई, ऑल्गाबाई, रिसीव्हर खांद्यानं कानाशी दाबून, करंजीसारख्या पिएरोगीत बटाट्याचं सारण भरत भरत त्याचं पहिलंवहिलं गिऱ्हाईक हाकलत होती.

“शनिवारी माझा मुलगा येऊन कापून देईल. पैसे? छे गं! त्याला काय काम असतं शनिवारी!”

फोन ठेवला गेला.

“आई, तुला काय सांगितलं होतं? नाव घ्यायचं, पत्ता घ्यायचा, बस. ‘आमचे भागीदार फोन करतील’ एवढंच म्हणायचं!”

“कोण भागीदार?”

“मी!”

“मग तूच तर जातोयस शनिवारी,” ऑल्गाबाई म्हणाल्या आणि पिएरोगीची कड चिमटीनं बंद केली.

घटस्फोटानंतर कर्टिस आईच्या तळघरात, कपडे धुण्याच्या यंत्राशेजारी झोपत होता. छत्तिसाव्या वर्षी माणसाला यंत्राच्या घरघरीवरून वार कळू लागला, की तो कुठल्याही बुवाच्या नादी लागतो. कर्टिसचा बुवा इंटरनेटवर होता. दात पांढरे, गाडी लाल. बुवाची शिकवण अशी, की घर विकायला ‘उत्सुक’ असलेला माणूस शोधा. उत्सुक म्हणजे कोण, तर ज्याची बायको गेली, नोकरी गेली, बाप गेला, छप्पर गेलं. असल्या माणसाला साध्या भाषेत अडलेला म्हणतात. पण अडलेला म्हटलं तर शिकवणीची फी कोण भरणार? अडला हरी गाढवाचे पाय धरी, ही म्हण जगात सगळीकडे खरी आहे. फरक इतकाच, की अमेरिकेतल्या या यंगस्टाउनमध्ये गाढव व्हायला माणसं पैसे भरून शिकतात.

कर्टिसनं मन लावून अभ्यास केला. रविवारी गाडी घेऊन गल्लोगल्ली हिंडला. गुडघाभर गवत, छपरावर ताडपत्री, दारात साचलेली वर्तमानपत्रं असं काही दिसलं की फोटो. मग चौकाचौकातल्या खांबांवर पाट्या ठोकल्या, ‘घर विकायचंय? रोख घेतो. कसंही असो.’ खाली नंबर आईचा, कारण टायरच्या दुकानात कामाच्या वेळी मॅनेजर सगळ्यांचे मोबाइल टेबलाच्या खणात कोंडायचा.

सरावही केला होता, आणि तो आईवरच. याच टेबलावर.

“समज, हे घर तुला विकायचंय,” तो म्हणाला होता.

“बरं. समजलं.”

“मी बाजारभावाच्या निम्मे देतो.” आणि तो गप्प बसला. बुवाचा मुख्य मंत्रच तो होता. भाव सांगा आणि तोंड शिवा. जो आधी बोलेल तो हरला.

ऑल्गाबाई बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिल्या. शेवटी म्हणाल्या, “अजून दोन पिएरोगी वाढू का रे?”

कर्टिसला वाटलं, मंत्र लागू पडला.

शनिवारी गवत कापायचं यंत्र गाडीत टाकून तो निघाला. डबा घेऊन आईही बसली. पत्त्यावर पोचल्यावर त्यानं घर ओळखलं. हे घर त्यानं टिपलं होतं. मनातल्या मनात शेरा मारला होता, ‘विधवा, एकटी, थकलेली. उत्तम!’

अर्लीन प्रुइट व्हरांड्यात बसली होती. त्याला पाहताच ताडकन उठली.

“हाच तो! निळ्या गाडीतून माझ्या घराचे फोटो काढत होता! मी पोलिसांनाच बोलावणार होते!”

“फोटो?” आई वळली. “कशाला रे?”

कर्टिसच्या कानाच्या पाळ्या तापल्या. “ते... गवत केवढं आहे ते बघायला. म्हणजे यंत्र कुठलं आणावं, ते...”

“बघ!” ऑल्गाबाई अर्लीनला म्हणाल्या. “फोन यायच्या आधीच पोराला काळजी!”

अर्लीन वरमली. “माफ कर हं बाळा. अरे, गवत माझा नवरा व्हर्न कापायचा. तो गेल्यापासून मला ते यंत्र चालूच करता येत नाही. लोक गाडी हळू करून बघतात ना, मेल्याहून मेल्यासारखं होतं.”

गाडी हळू करणारा खाली मान घालून गवत कापत राहिला. कुणाच्या नजरेला नजर द्यायला नको म्हणून त्यानं मागचं अंगणही कापलं, कुंपणापलीकडचंही कापलं. दोघी बायका व्हरांड्यात पिएरोगी खात इतक्या हसत होत्या, की प्रत्येक हसू आपल्यावरच आहे असं त्याला वाटत होतं.

पुढच्या आठवड्यात लुई कोसेंझाचा फोन आला. तळघरात पाणी भरतं, वैतागलोय, येईल त्या भावाला घर घ्या! कर्टिसचे डोळे लकाकले. पण आईनं आधीच शब्द दिला होता, “मुलगा बघून जाईल.” मुलगा शिडी लावून चढला. छपराच्या पन्हळीत कुजलेली पानं आणि एक मेलेली खार अडकली होती. ती काढली, पाणी वाट बदलून रस्त्याला गेलं, तळघर कोरडं झालं.

“शाब्बास रे पठ्ठ्या!” लुईनं पाठ थोपटली. “आता कशाला विकतोय मी!”

ज्या खारीवर धंदा उभा राहायचा, ती कर्टिसनं स्वतःच्या हातानं कचऱ्यात टाकली होती.

शुक्रवारी चर्चच्या तळघरात बायका पिएरोगी करायला जमल्या, तेव्हा ऑल्गाबाईंनी मुलाचं कौतुक केलं. झालं! पाटीवरचा नंबर गावभर झाला. आता घर विकायला कुणी फोन करेना. दार कुरकुरतं, नळ गळतो, पोटमाळ्यावर वटवाघूळ शिरलंय. दुकानातली पोरं विचारायची, “काय शेठ, किती घरं झाली?” महिन्याभरात नोकरीला लाथ मारणार असं शेठनं त्यांना सांगून ठेवलं होतं. तो टायरात तोंड घालायचा.

त्याला फक्त एक घर हवं होतं. एका सहीत तो तळघरातून बाहेर पडला असता.

सप्टेंबरात एका संध्याकाळी तो घरी आला, तर अंगणात पाटी. त्याची नव्हे. चांगली रंगवलेली, दलालाची. वर तिरकी पट्टी, ‘विकले’.

आत ऑल्गाबाई बशा कागदात गुंडाळत होत्या.

“आई, हे काय? कुणाला विकलंस?”

“एका नर्सला. दोन लेकरं आहेत तिला. पूर्ण भाव दिलाय.”

“आणि तू कुठे जाणार?”

“अर्लीनकडे. एवढं मोठं घर आहे तिचं. तिला ते विकायचं नव्हतंच रे. बोलायला कुणीतरी हवं होतं.” त्यांनी आणखी एक बशी गुंडाळली. “मलाही.”

हे शेवटचं कर्टिसनं ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. रोज तो जेवण खाली तळघरात घेऊन जायचा आणि यंत्राची घरघर ऐकत एकटाच जेवायचा.

“अगं पण मी घरं घेतो, आई! गावभर पाट्या लावल्यात! मला एका शब्दानं विचारायचंस तरी!”

“तुझा भाव ऐकलाय मी,” ऑल्गाबाई म्हणाल्या. “याच टेबलावर.”

आणि त्या गप्प बसल्या. हात मांडीवर, नजर त्याच्यावर. राग नाही, काही नाही. फ्रिज गुरगुरत होता. कर्टिसला मंत्र आठवला. तोंड शिवा. त्यानं ओठ घट्ट मिटले, भिंतीकडे पाहिलं, स्वतःच्या काळ्या हातांकडे पाहिलं.

“...तळघर कधी रिकामं करू?” तो म्हणाला.

“शनिवारी कर,” आई म्हणाली. “शनिवारी तुला काय काम असतं!”