लिंबाजी चावीवाल्याच्या नोटिशीचें वर्तमान

श्रीजलदेवतेस दंडवत घालून, नळाखालीं हंडा मांडून, पाण्याची वाट पाहतां पाहतां हें लिहिलें. शके एकोणीसशें सत्तेचाळीस, विश्वावसु नाम संवत्सरीं, चैत्र मासीं, एके नगरीं थोर प्रजा नांदत होती आणि तिला सकाळीं कुरकुर केल्यावांचून चहा गोड लागत नसे. रस्ता झाडला तर धूळ उडाली म्हणोन बोंब, न झाडला तर झाडला नाहीं म्हणोन बोंब, आणि घंटागाडी वेळेवर आली तर "एवढ्या सकाळी कशाला कडमडली" ऐसें बोलावें. आम्ही त्या नगरीचे अर्जनवीस, कचेरीच्या दारीं टेबल मांडून अवघ्यांच्या तक्रारी लिहून देत असूं, आणि लिहितां लिहितां आमचें डोकें उठलें, तें असो.

त्या नगरीं लिंबाजी खिलारे म्हणोन पाणी सोडणारे चावीवाले होते. त्यांणीं रोज सहाचे सुमारास खड्ड्यांत उतरावें, लांब लोखंडी चावीनें व्हॉल्व बावीस फेरे उघडावा, मग पाइपास कान लावावा आणि आंतली घरघर ऐकोन अर्धा फेरा मागें घ्यावा. तेणेंकरून खालच्या आळीची धार अंमळ बारीक होई आणि पाणी टेकडीवरील शेवटच्या नळास चढे. त्या नळावर रखमाबाई पाटोळे यांची खानावळ, आणि बाईंचें घर व लेकीचें शिक्षण त्या खानावळीवरच चाले. परंतु खालच्या आळीचे वामनराव टिळेकर, निवृत्त मुख्याध्यापक, यांस बारीक धार सोसेना. त्यांणीं अर्ज करविला कीं चावीवाला पाणी पुरतें सोडीत नाहीं, आणि मग चाळीस सह्या जाहल्या, आणि सह्या करणारांनीं विषयहि विचारिला नाहीं, आणि आम्हींच तो अर्ज सुवाच्य अक्षरीं लिहिला, यास काय म्हणावें. लिंबाजींची बदली दूरच्या टाकीवर पहाऱ्यास जाहली.

मग नवे चावीवाले आले, ते कागदाबरहुकूम बावीस फेरे उघडून चालते होत. खालीं टाक्या वाहूं लागल्या, वामनरावांनीं अंगण दोन दोनदां धुतलें, आणि टेकडीवर चार दिवस थेंब नाहीं. पांचवे दिवशीं रखमाबाईंनीं खानावळीस कुलूप घातलें. आतां वामनराव विधुर, दोन्ही वेळचे डबे त्यांस याच खानावळींतून येत, आणि हें अर्ज करितेसमयीं त्यांचे ध्यानीं आलें नाहीं. दुपारीं डबा चुकला तेव्हां तणतणत टेकडी चढले आणि म्हणाले, "बाई, निदान कळवायचं तरी."

बाई म्हणाल्या, "गुरुजी, पाणी नाही हे मी तुम्हाला कळवायचं? चाळीस सह्या तुमच्याच ना? भात कशात शिजवू?"

वामनराव तैसेच खालीं आले आणि आमचे टेबलीं बसोन म्हणाले, "लिहा. लिंबाजीला परत द्या."

लिंबाजी परतले, पाइपास कान लाविला, अर्धा फेरा मागें घेतला आणि टेकडीवर पाणी चढलें आणि खानावळ उघडली. परंतु पहिला अर्ज आमचेच अक्षरींचा, हें आमचे जीवास लागोन राहिलें, म्हणोन आम्ही स्वतः कचेरींत गेलों. कारकून म्हणाले, "तक्रार काय?"

"तक्रार नाही. माणूस चांगलं काम करतो."

"मग इथं कशाला आलात? तक्रारीचा रकाना रिकामा सोडता येत नाही."

आम्हीं वैतागून रकान्यांत लिहिलें, "सदर इसम काम चोख करितो." त्यास क्रमांक पडला, शिक्का पडला, आणि आठवे दिवशीं लिंबाजींस नोटीस गेली कीं सदर तक्रारीबाबत सात दिवसांत खुलासा करावा.

लिंबाजी ती घेऊन आमचेकडे आले. वीस वर्षांच्या चाकरींत नोटिसा पुष्कळ आल्या होत्या. ही त्यांणीं आम्हांकडून दोनदां वाचून घेतली आणि टोपी काढून गुडघ्यावर ठेविली. आम्हीं पुसिलें, "काय लिहू?"

म्हणाले, "आरोप मान्य आहे, असं लिहा. फक्त शेवटी ते 'पुन्हा असं होणार नाही' लिहिता ना, ते लिहू नका."

सारांश, खुलासा दाखल जाहला. वामनराव अद्याप धार बारीक म्हणतात, परंतु अर्ज करीत नाहींत. हंडा भरला, सबब लेखणी ठेविली.