काही नाही हो, सहज बसवलं

मुलाची प्रवेशपरीक्षा ही अत्यंत खासगी बाब असून तिची वाच्यता होताच मुलाची बुद्धी निम्म्यावर येते, हे डोंबिवलीत आता सर्वमान्य आहे. (उरलेली निम्मी शेजारच्या मुलाकडे जाते.)

सुधीररावांना हे कुणी शिकवावं लागलं नाही. ठाण्याच्या एका नामांकित माध्यमिक शाळेत पाचवीच्या चाळीस जागा निघाल्या, तेव्हा लेकीला, श्रियाला, तिथेच घालायचं असं त्यांनी ठरवलं आणि आधी उठून दार लावून घेतलं. त्या दिवसापासून घरात आचारसंहिता लागू झाली. क्लासला जाताना पुस्तकं पोहण्याच्या पिशवीतून न्यायची. वर टॉवेल दिसेल असा ठेवायचा. परतताना जिन्याच्या वळणावर थांबून बाटलीतलं पाणी डोक्यावर ओतून घ्यायचं आणि मगच वर यायचं. या पद्धतीने श्रिया आठ महिने, आठवड्यातून चार दिवस पोहली. तिला तीनदा सर्दी झाली. पोहता अजून येत नाही.

समोरच्या दर्शनाताईंचा अपूर्व याच काळात तबला शिकत होता. त्याचा तबला कधी कुणी ऐकला नाही, याचं सुधीररावांना कौतुकच वाटे. शेजाऱ्यांना त्रास न देता रियाज करणारी मुलं हल्ली आहेत कुठे?

तरी खबरदारी म्हणून त्यांनी श्रियाचं अपूर्वबरोबर खेळणं बंद केलं. दोघांची बालवाडीपासूनची जोडी. श्रियाच्या आईला, हेमाताईंना, वाईट वाटलं आणि ते त्यांनी बोलूनही दाखवलं. चाळीस जागांत मैत्री बसत नाही, असं सुधीररावांनी सांगितलं. श्रिया पिशवी उचलून पोहायला निघून गेली.

सोसायटीची त्या वर्षीची आकडेवारी पाहण्यासारखी होती. पाचवीत जाणारी मुलं अकरा. त्यांपैकी परीक्षेला बसणारी, पालकांच्या निवेदनानुसार, शून्य. पोहणे, तबला, बुद्धिबळ व स्तोत्रपठण यांत झपाट्याने प्रगती करणारी, पुन्हा अकरा.

परीक्षेच्या रविवारी कल्याणजवळ मोहने गावी आत्याकडे वास्तुशांत असल्याचं सुधीररावांनी जाहीर केलं. केंद्र ठाण्यात खोपटच्या एसटी डेपोजवळ, हजेरी साडेनऊची. पण श्रियाने सकाळपासून धोशा लावला, की तासभर आधी निघायचं, नाहीतर मी बसणारच नाही. शेवटी कंटाळून ते तासभर आधी निघाले.

केंद्राच्या फाटकावर अख्खी सोसायटी उभी होती. दर्शनाताई घरून साखरपुड्याला म्हणून निघालेल्या, त्यामुळे काठापदराच्या साडीत, गजरा माळून, हातात आहेराचं पाकीट. वास्तुशांत कशी झाली, असं त्यांनी विचारलं. सुधीररावांनी नवरी मुलगी काय करते ते विचारलं. दोघांनीही तपशीलवार उत्तरं दिली. (शिष्टाचार सोडून चालत नाही.)

मग सुधीररावांना फाटकावर चिकटवलेला कागद दिसला. हजेरीची वेळ बदलून साडेआठ झाली होती आणि त्यानंतर कुणालाही आत सोडणार नव्हते. घड्याळात आठ वीस झाले होते. हा बदल शाळेने काढलेल्या पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन दिवस आधीच आला होता. पण तिथे आपला नंबर कुणाला दिसू नये म्हणून सुधीरराव ग्रुपमध्ये गेलेच नव्हते.

"तुला कसं कळलं?" त्यांनी श्रियाला विचारलं.

"अपूर्वने सांगितलं. मी डोकं भिजवायला थांबते ना, तेव्हा आम्ही जिन्यात पेपर सोडवतो. पाणी तोच ओततो. त्याची आई म्हणालेली, वेळ बदललीये ते कुणाला सांगायचं नाही."

"मग त्याने तुला का सांगितलं?"

"मी काय कुणी आहे का, बाबा?"

एवढं बोलून ती अपूर्वचा हात धरून आत गेली. सुधीररावांना मनापासून लाज वाटली. त्यांनी दर्शनाताईंना चहा पाजला.

यादी लागली तेव्हा श्रिया सदतिसावी आणि अपूर्व एकोणचाळिसावा होता. दोघं आता एकाच बसने ठाण्याला जातात आणि जिन्यात बसायचं कारण उरलं नाही याची दोघांनाही चुटपुट आहे. तयारी कशी केली, असं लोक सुधीररावांना विचारतात. ते म्हणतात, काही नाही हो, सहज बसवलं.

तुम्हाला हसू आलं असेल तर खुशाल हसा, पण जरा हळू. आतल्या खोलीचं दार लावलेलं आहे, आणि पोरगं आजोळी गेलंय असं तुम्ही कालच शेजारी सांगितलंय.