राणीचं नाक

आमच्या माडीवर भाड्याने राहणारी एलेनी ही ग्रीक चित्रकार कुणाच्याही घरी गेली, की यजमानांनी पुढे केलेल्या वस्तूकडे न बघता सरळ अडगळीकडे वळायची. इकडच्या लोकांच्या जुन्या, वापरातल्या वस्तू चितारून तिला त्यांचं पुस्तक करायचं होतं. एकोणीसशे साठच्या सुमाराच्या, कानडी मुलखातल्या आमच्या बसवनगुडीत चमत्कारिक ठरायला एवढं पुरेसं होतं. गल्लीने तिला एलेनक्का करून टाकलं. मराठी ती माझ्या वहिनीकडून शिकली, त्यामुळे तिच्या मराठीत आमची कानडीही आली. ‘हे नवं. नको. स्वल्प मागचं दाखवा.’

दसऱ्यात आमच्याकडे घरोघरी पायऱ्या रचून बाहुल्या मांडतात. शेजारच्या निवृत्त इंजिनियरसाहेबांनी एकदा विजेवर चालणारं कारंजं बसवलं आणि भोवती पुढाऱ्यांचे प्लास्टरचे पुतळे उभे केले. एलेनक्काने पडदा सारला, मागे दडवलेला सोंडतुटका मातीचा हत्ती काढला आणि त्याच्यासमोर बैठक मारली. साहेब कारंजं बंद-चालू करत राहिले.

‘मॅडम, हे परदेशी धाटणीचं आहे.’

‘म्हणूनच नको,’ ती म्हणाली.

वहिनीची एकच इच्छा होती. लग्नात तिच्या आईने दिलेली रक्तचंदनाची राजाराणी त्या पुस्तकात यावी. आई आता राहिली नव्हती. आदल्या दसऱ्यात एलेनक्काने ती जोडी बराच वेळ हातात फिरवून पाहिली होती आणि ‘पुढल्या वर्षी काढते’ म्हणाली होती. राणीचं नाक वहिनीच्या मुलांनी दात येताना चावून सपाट केलेलं होतं.

पुस्तकात जायचं म्हणून वहिनीने जोडी रंगाऱ्याकडे दिली. राणी परत आली ती लांबी भरून घडवलेलं धारदार नाक आणि गुलाबी गाल घेऊन, सिनेमाच्या जाहिरातीतून नुकतीच उतरल्यासारखी.

दसऱ्यात एलेनक्काने ती पाहिली. तिचं ठरलेलं वाक्य ऐकायला आम्ही तयारच होतो. पण तिने त्या नव्या नाकावरून नुसतं बोट फिरवलं, आणि ते जास्त वाईट होतं.

‘खराब केलं का हो मी?’ वहिनीने विचारलं.

‘सरी, ठीक आहे. बसा.’ एलेनक्काने कागद काढला आणि बाहुल्यांकडे एकदाही न बघता जुनी राणी काढली. सपाट नाक, कानाजवळची चीर, पदरावरचा हळदीचा डाग. तो डाग वहिनीही विसरली होती.

‘एवढं लक्षात कसं राहिलं?’ मी विचारलं.

‘आईच्या घरी एक रंगवलेली पेटी होती. लढाईत गाव जळलं. आता पेटी काढायला बसते, तर झाकणावर पक्षी होते की फुलं, ते आठवत नाही. विचारायला कुणी उरलं नाही. तेव्हापासून नीट बघते.’

वहिनी तिच्याजवळ सरकून बसली. ‘मग पक्षी आणि फुलं, दोन्ही काढून बघ गं,’ ती म्हणाली.

एलेनक्काने कोरा कागद घेतला. हळदीकुंकवाच्या बायका दारात येऊन उभ्या राहिल्या, तरी वहिनी तिच्याजवळून उठली नाही.