सिदोजीमामांची हवाई स्वारी आणि तासाभराचा रस्ता

या, बसा असे जवळ. सिदोजीमामा भाचीच्या लग्नाला आकाशमार्गे कैसे गेले ती हकिकत सांगतो, मधे उठू नका. गणरायास वंदन, मांडवातल्या देवकास वंदन, विमान शोधणारासही नमस्कार, त्या बापड्याचा दोष नाही. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, माघ मास, अमक्या राज्यात मंजुळाबाईंचे लग्न निघाले, मुहूर्त दुपारचा. त्या घराण्याचा रिवाज ऐसा की नवरीस हाताला धरून मांडवात आणावे ते मामाने, आणि ओटीच्या खोबऱ्याच्या वाट्या मामाने घरून न्याव्या, वाटेत हातातून सोडू नयेत. मामीसाहेब बोलिल्या, "आदल्या दिवशी गाडीने जाऊ." तो साडू गणोजीरावांनी मोबाईलात दोन विमानतळांमधले अंतर पाहिले आणि फर्मावले, "तासाचा रस्ता. सकाळी चहा घेऊन निघा." मामांस पटले. मग स्वारी निघाली, आणि विमानतळ गावाबाहेर इतका लांब की तासभर तिथेच गेला, आणि मग रांग, मग पट्टा काढा, आणि मग झडतीवाल्या बाईंनी पिशवीतून वाट्या वर काढल्या.

"काका, सुकं खोबरं आत जात नाही. तेल असतं, आग धरतं."

"बाई, हे नवरीच्या ओटीत पडायचं. पेटवायचं असतं तर घरी चूल होती."

"बारीक तुकडे करून सामानात टाका."

"सुरी द्या मग."

"सुरी पण चालत नाही."

मग मामासाहेब बाहेर आले, पायरीवर आपटून ओटीचे खोबरे फोडले, तुकडे बॅगेत भरून विमानाच्या पोटी दिले आणि धापा टाकत आत पोचले, तो विमानच उशिरा. मग उडाले, आणि खरेच तासात पोचले, आणि खाली जागा नाही म्हणून वरच घिरट्या घालू लागले. उतरल्यावर सामानाच्या पट्ट्यापाशी मामा उभे, सगळ्यांच्या बॅगा येतात, खोबरे येत नाही. मंजुळाबाईंचा फोन आला.

"मामा, कुठंयस?"

"उतरलो गं."

"मघाशी पण हेच म्हणालास."

"मघाशीच उतरलो. अजून बाहेर नाही पडलो. दुसऱ्या कुणाचा हात धर, मुहूर्त जाईल."

"जाऊ दे. मी गौरीहरापुढून उठत नाही."

इकडे नवऱ्याचे वडील बोलिले, "आमचं वऱ्हाड टेम्पोतून येऊन बसलंय, आणि विमानवाल्याची वाट बघायची?" पण पोर हलली नाही. मुहूर्त टळला. गुरुजींनी कपाळाला हात लावून गोरजाचा धरला, आणि गुरे परतताना मामा एकदाची हाती लागलेली बॅग घेऊन मांडवात शिरले, तुकडे ओटीत घातले. मंजुळाबाई बोलिल्या, "फोडूनच आणलंस? बरं झालं, वाटायला सोपं." आणि हात पुढे केला.

तात्पर्य, आकाशाने तास घेतला, बाकी सारा दिवस जमिनीने खाल्ला. आता धाकट्या भाचीचे ठरते आहे, आणि गणोजीरावांनी पुन्हा मोबाईल काढला आहे. तुमची त्यांची ऊठबस आहे, एवढे करा, तो मोबाईल लग्न होईतो तुमच्यापाशी ठेवा.