अकरा विमानांत चार पाय

संग्राम जाधवनं उभ्या आयुष्यात घोड्याला हात लावला नव्हता, आणि लावला नसता तर त्याचं काही अडलंही नसतं. पण सासुरवाडीला, रविवारच्या पंगतीत, तिसरी पुरणपोळी पानात पडली की माणूस जरा मोठ्या मनानं बोलतो. "मशीन ना? मी आणतो की," असं तो बोलून गेला आणि तिथंच फसला.

भानगड अशी होती. सासरे सयाजीराव फौजेतून निवृत्त होऊन येलहंक्यात राहायचे. घरामागे त्यांची घोडी, मैना. डोंगरी जातीची, म्हणून चारही पायांवर गुडघ्याखाली केसांचे हे झुपके. पावसाळाभर ते ओले राहून आत कातडीला जखमा झाल्या होत्या. केस काढा, मगच मलम लागेल, असं डॉक्टरनं बजावलं होतं. कात्रीपुढं मैना उभी राहीना, आणि शेजारच्या मेंढपाळाचं लोकर कातरायचं मशीन गुरगुरताच तिनं तबेल्याचं दार मोडलं.

"येत्या रविवारपर्यंत जमलं नाही, तर होसकोट्याच्या फार्मवाल्याला देऊन टाकतो. जनावराचे हाल बघवत नाहीत," सयाजीराव ताटाकडे बघत म्हणाले. संग्रामची बायको अश्लेषा भरल्या पानावरून उठून गेली. मैना शिंगरू होती तेव्हापासून तिनं तिला गूळ भरवला होता.

"आवाज न करणारं मशीन पाहिजे, जावईबापू."

"आवाजाचं माझ्यावर सोडा, मामा."

(संग्राम टेलिफोन खात्यात तक्रार विभागात होता. दिवसभर लोकांच्या लाइनची खरखर ऐकून आपले कान तयार झालेत, असा त्याचा समज. जावयाला साधा बल्ब बदलता येत नाही, असा सासऱ्यांचा समज. पैकी बल्बचा प्रसंग खरोखर घडलेला होता.)

शनिवारी स्वारी चिकपेटेच्या गजबजलेल्या बाजारात गेली. देवाप्पाच्या दुकानात पाच मशिनं निघाली. संग्रामनं डोळे मिटून, मान तिरकी करून एकेक कानाशी धरलं. चार नापास केली. पाचवं चालू केलं आणि काय सांगू, काही म्हणता काही ऐकू येईना.

"हे चालू आहे ना?"

"हात लावून बघा सार, थरथरतंय," देवाप्पा म्हणाला. "स्वल्प जड आहे, पण माल नंबर एक."

त्या घटकेला बाहेर लॉरीतून लोखंडी पाइप उतरत होते, दोन रिक्षावाले एकमेकांचं कूळ काढत होते आणि समोरच्या साड्यांच्या सेलचा भोंगा बोंबलत होता. आमच्या कानसेनाचं तिकडं लक्षच नव्हतं. चिकपेटेत शांत मशीन निवडणं म्हणजे मिरचीच्या गिरणीत उभं राहून अत्तर निवडणं.

संध्याकाळी येलहंक्यात त्यानं ऐटीत बटण दाबलं. नारळावरचे कावळे उडाले. सासूबाईंच्या, म्हणजे कौशल्यामामींच्या हातातलं पातेलं पडलं. मैनेनं मागचा पाय झाडला आणि जखमांच्या जांभळ्या औषधाची बादली संग्रामच्या बरोबर आणलेल्या एकुलत्या एक पँटवर रिती झाली.

"आवाज न करणारं," सयाजीराव म्हणाले आणि आत निघून गेले.

रविवारी सकाळी संग्राम सासऱ्यांची फौजेतली खाकी हाफपँट घालून पायरीवर बसला होता. चार वाजता होसकोट्याचा टेंपो यायचा होता. अश्लेषा त्याच्याशी बोलत नव्हती, आणि खरं सांगायचं तर त्याला स्वतःशीही बोलवत नव्हतं. एवढ्यात नारळाच्या शेंड्याला चाटून जावं तसं एक विमान गेलं. शेजारच्याच हवाई तळावर पुढच्या आठवड्यात विमानांचं मोठं प्रदर्शन होतं, त्याचा सराव. संग्रामनं दोन्ही कान दाबले, हातातला चहा मांडीवर सांडला. मैना मात्र गवत खात होती. कानसुद्धा हलवला नाही तिनं.

"मामा," संग्राम उठलाच. "हिला आवाजाचं भय नाही. अनोळखी आवाजाचं आहे. विमानं तर तिच्या घरचीच."

सासुरवाडीत त्यानं काढलेलं हे पहिलं शहाणपणाचं वाक्य. सयाजीरावांनी मिशीवरून हात फिरवला आणि लगाम धरायला उभे राहिले. कौशल्यामामी टॉवेल घेऊन गच्चीवर गेल्या. विमान दिसलं की टॉवेल हलायचा, संग्राम बटण दाबायचा. विमान गेलं की मशीन बंद, मैनेला गूळ. पहिल्या विमानात जेमतेम एक खूर दिसला. पाचव्यापर्यंत पुढचे पाय झाले. अकरावं विमान जाऊन बराच वेळ झाला, तरी मशीन घरघरतच होतं आणि मैना डोळे मिटून उभी होती. मामी टॉवेल खांद्यावर टाकून केव्हाच खाली आल्या होत्या.

सयाजीरावांनी वाकून चारही पायांवरून अंगठा फिरवला, जखमांना मलम लावलं आणि जावयाला कडकडून मिठी मारली. टेंपो रिकामा परत गेला. अश्लेषा मैनेच्या मानेला बिलगून रडली, मग डोळे पुसून कॅमेरा घेऊन आली. संग्राम मैनेच्या पलीकडं, पाठीवर हात ठेवून, छाती काढून उभा राहिला. गड जिंकल्याचा आनंद त्याला काही केल्या लपवता येईना.

पंधरा दिवसांनी तो फोटो फ्रेम होऊन सयाजीरावांच्या हॉलमध्ये लागला. ऐन क्षणी मैनेनं मान वळवल्यामुळे संग्रामचं तोंड काही त्यात आलं नव्हतं. पोटाखाली मात्र तिचे चार गुळगुळीत पाय, आणि त्यांच्यामागं हाफपँटीतून उतरलेले आणखी दोन, असे सगळे स्पष्ट दिसत होते.

कौशल्यामामींनी चष्मा लावला आणि फ्रेमजवळ जाऊन खालून वर नीट पाहिलं.

"काम झकास झालंय हो जावईबापू," त्या म्हणाल्या, "पण हे मधले दोन राहिलेच की कातरायचे."