बाटलीला थंडी वाजते

आमचे दामले सर आधी बाटलीला हात लावून बघतात, मग पेशंटला.

डोंबिवलीतल्या एका छोट्या हॉस्पिटलात मी ऑपरेशन थिएटरची सिस्टर, आणि सर भूल देणारे डॉक्टर. मशीनवरची बाटली भुलीच्या औषधाची वाफ करते. किती, ते वरच्या चकतीवर ठरतं. आमची बाटली जुनी. गार पडली की वाफ कमी देते, तापली की जास्त. म्हणून सर उलट्या हाताने तिला चाचपतात, तापातल्या पोराला बघावं तसे. "सिस्टर, हिला थंडी वाजतेय. एसी कमी करा." सर्जन हात धुऊन ताटकळतात. दिवा स्टेशनजवळच्या माझ्या घरी नळाला पाणी यायची वेळ टळते. कंटाळा येतो हो. "आकड्यावर जाऊ नका, हात लावून बघा," हे सरांचं वाक्य तर मी झोपेतही म्हणेन.

एकदा मे महिन्यात एसी बंद पडला, तेव्हा सर पुठ्ठ्याने बाटलीला वारा घालत होते. सर्जन घामाने निथळत होते, त्यांना कोणी विचारलं नाही.

चहाबरोबर उंचीचं पुराण. "डोंगरावर हवेचा दाब कमी. बाटली जास्त टक्के वाफ सोडते, पण भूल चढते तेवढीच. नवखे घाबरून चकती कमी करतात, मग पेशंट अर्धवट जागा राहतो."

"सर, डोंबिवलीत कुठे आलाय डोंगर?" मी म्हणायचे.

गेल्या मंगळवारी कळलं. त्यांची एकुलती एक मुलगी लेहला शाळेत शिकवते. तिचं अपेंडिक्सचं ऑपरेशन त्याच सकाळी होतं आणि सरांना विमान मिळालं होतं गुरुवारचं. घरी बसून काय करू, म्हणून कामावर आले. थिएटरच्या दारातून त्यांनी तिथल्या भूलतज्ज्ञाला फोन लावला. चकती कमी करू नका, हे तीनदा सांगितलं. मग ओशाळून म्हणाले, "हो, तुम्हाला माहीत असणारच."

आत येऊन त्यांनी बाटलीवर उलटा हात ठेवला आणि बराच वेळ काढलाच नाही.

"सर, थंडी वाजतेय का हिला?"

"नाही. ही ठीक आहे." हात तसाच ठेवून म्हणाले, "सिस्टर, तिकडे कोणी हात लावून बघत असेल ना?"

मला काय ठाऊक.

"बघत असतील, सर," मी म्हटलं, आणि त्यांनी न सांगताच एसी कमी केला.